शर्यत तिची, सहल सगळ्यांची

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेली सहा वर्षे ती तलावात पोहते आहे आणि येत्या डिसेंबरमध्ये मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरण्याचे तिने ठरवले आहे. समुद्रात पोहण्याची ही तिची पहिलीच वेळ. यजमानांचे म्हणणे असे, की एवढ्या लांब जातोच आहोत, तर सगळ्यांनी मिळून कोकण पाहून येऊ. त्यांची आखणीही तयार आहे : गुरुवारी रात्री ते कामावरून आले की ठाण्याहून मोटार काढायची, शुक्रवारी तारकर्लीला स्कूबा, शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला, वेंगुर्ले, रेडीचा गणपती आणि जमल्यास तेरेखोल, रविवारी सकाळी स्पर्धा आणि तिथूनच परत. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असतील. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांचे माहेर रेवदंड्याजवळचे. लहानपणी त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारचा एक मुलगा ओहोटीबरोबर ओढला गेला होता, त्यामुळे ‘पोरीला समुद्रात कशाला घालता’ हे वाक्य घरात रोज ऐकू येते. त्यात आता मुलगीच म्हणते आहे, की फक्त बाबांनी बरोबर यावे, बाकी कुणी नको. मागच्या वर्षी तिच्या आंतरशालेय स्पर्धेला आम्ही घरचे नऊ जण गेलो होतो. तिचा पाचवा क्रमांक आला आणि परतताना गाडीत कुणी फारसे बोलले नाही. तिचे म्हणणे माझ्या मनाला लागले आहे. आम्ही जावे की नाही?
एक आई, ठाणे

उत्तर : आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तुम्ही जावे, सगळ्यांनी जावे, मात्र यजमानांनी आखलेल्या सहलीला जाऊ नये. त्या आखणीत मालवण आहे, तारकर्ली आहे, रेडी आहे, तेरेखोलसुद्धा आहे; ज्या मुलीमुळे हे सगळे निघाले तिची सकाळ मात्र परतीच्या वाटेवर कुठेतरी उरकायची आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे कळते. तिने ‘बाकी कुणी नको’ म्हटले, त्यामागे तुमच्यावरची माया कमी झाली असे काही नाही. मागच्या वर्षीची ती गाडी तिला आठवते आहे. नऊ माणसे गप्प बसलेली गाडी लहान मुलाला फार मोठी वाटते. आपल्यामुळे सगळे गप्प आहेत, एवढेच त्याला त्यातून समजते. तुम्हा सगळ्यांना तेव्हा कदाचित फक्त भूक लागलेली असेल आणि दमणूक झालेली असेल, पण ते तिला कुणी सांगितलेले नसते.

म्हणून पहिले काम प्रवासाच्या तयारीचे नाही, बोलण्याचे आहे, आणि ते तुम्ही दोघांनी मिळून करावे. तिला शांतपणे सांगा, की मागच्या वर्षी आम्ही गप्प बसलो ते चुकले. त्यावर स्पष्टीकरणे देऊ नका. मग विचारा, की आम्ही आलो तर तू पाण्यातून बाहेर आल्यावर तुला काय हवे आणि काय नको. मुले या प्रश्नाची फार नेमकी उत्तरे देतात. एखादी म्हणते, लगेच फोटो काढू नका. एखादी म्हणते, मावशीला फोन लावून माझ्या हातात देऊ नका. एखादीला फक्त टॉवेल हवा असतो आणि दहा मिनिटे कुणी काही विचारू नये असे वाटत असते. ती जे सांगेल ते लिहून ठेवा आणि तंतोतंत पाळा. ‘कितवी आलीस’ हा प्रश्न घरातल्या कुणीही, अगदी फोनवरच्या नातेवाइकांनीही, ती स्वतः सांगेपर्यंत विचारायचा नाही, हे निघण्यापूर्वी सगळ्यांना बजावून ठेवा. एवढे झाल्यावरही ती नकोच म्हणाली, तर तिचे ऐका आणि बाप-लेकीला जाऊ द्या. पण मला वाटते, ती नको म्हणणार नाही.

आता सासूबाईंविषयी, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटली आणि तुम्ही मात्र ती अडचण म्हणून लिहिली आहे. तुमच्या घरात समुद्र खऱ्या अर्थाने ओळखणारे माणूस एकच आहे आणि ते म्हणजे सासूबाई. त्यांच्या भीतीला जुन्या माणसांची भीती म्हणून बाजूला सारू नका. ओहोटीचे पाणी माणसाला कसे आत नेते हे त्यांनी पाहिलेले आहे; तुमच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी ते तलावाच्या काठावरून कितीही समजावले, तरी त्यात तो थरकाप येणार नाही. मुलीला एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसवा आणि समुद्राविषयी विचारायला सांगा. भरती, ओहोटी, उधाण, भांग हे शब्द तिला आजीच्या तोंडून कळू देत.

त्यांना तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा हिशेबही बहुधा माहीत असेल. कोकणात तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला तो हिशेब सहावर येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी असतो. गावागणिक वेळेत फरक पडतो आणि आयोजक भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक पाहूनच स्पर्धेची वेळ ठरवतात, तेव्हा या हिशेबावर विसंबून काही ठरवायचे नाही. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत स्पर्धेच्या दिवसाची तिथी पाहून आजी आणि नात मिळून हा हिशेब मांडतील, तेव्हा आजी त्या स्पर्धेच्या विरोधातून स्पर्धेच्या आत येतील. मला त्या दोघींना असे बसलेले पाहायला फार आवडेल.

त्यांची भीती त्यामुळे जाणार नाही, आणि जावी अशी अपेक्षाही ठेवू नका. त्यांना शनिवारीच किनाऱ्यावर नेऊन सुरक्षेची व्यवस्था दाखवा. पोहणाऱ्यांबरोबर बोटी कुठून कुठवर राहणार, जीवरक्षक किती आहेत, वैद्यकीय पथक कुठे बसणार, हे आयोजकांना तुम्ही विचारा आणि त्यांच्यासमोर विचारा. ही विचारपूस आजींसाठी जितकी आवश्यक, तितकीच तुमच्यासाठीही आहे. उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत, तर मुलीला पाण्यात न उतरवण्याचा अधिकार तुम्हा दोघांना शेवटच्या क्षणापर्यंत आहे. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा : पाण्यात दम लागला, गोळा आला, भीती वाटली, तर उताणे होऊन तरंगायचे, एक हात वर करायचा आणि बोट आली की तिला धरायचे. नियमाने स्पर्धेतून बाद होशील, त्याहून अधिक काही होणार नाही. हे वाक्य वडिलांच्या तोंडून यावे. मुलींना ते वडिलांकडून ऐकण्याची फार गरज असते.

प्रवासाचे सांगते. मुंबई-ठाण्याहून मालवण सुमारे पाचशे किलोमीटर आहे. दिवसभर काम केलेल्या माणसाने गुरुवारी रात्री चाक हातात घ्यायचे आणि मागे एकाहत्तर वर्षांची आई, बायको आणि दोन मुले, हे मला अजिबात पसंत नाही, आणि स्पर्धा नसती तरी नसते. रविवारी शर्यतीनंतर उन्हात तेवढेच अंतर उलट कापणे तर त्याहून वाईट. कोकण रेल्वेने जा. रात्रीची कोकणकन्या ठाण्याला मिळते आणि सकाळी कुडाळला उतरवते. तिथून मालवण तीस किलोमीटरच्या आत आहे, एसटी असते, रिक्षा आणि भाड्याच्या गाड्याही असतात. डिसेंबरात या गाड्यांना मरणाची गर्दी असते आणि आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा तो दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसा. परतीचे तिकीट वेगळ्या तारखेचे असल्याने ते वेगळ्या दिवशी खुले होईल, हेही विसरू नका. आणखी एक बारकावा : खालच्या बर्थसाठी ज्येष्ठांचा आणि पंचेचाळीस वर्षांवरील महिलांचा जो कोटा आहे, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा मिळतो. पाचही जणांचे एकच तिकीट काढले तर सासूबाईंना वरचा बर्थ येऊ शकतो आणि मग रात्री अनोळखी प्रवाशाची मनधरणी करावी लागते. त्यांचे तिकीट वेगळे काढा. तुम्ही पंचेचाळिशी ओलांडली असेल तर तुमचे त्यांच्याबरोबर काढा.

गुरुवारी रात्री निघालात की शुक्रवारी सकाळी तुम्ही मालवणात असाल. सगळी फिरस्ती शुक्रवारीच करा, आणि तीही मालवणपुरती. सिंधुदुर्ग किल्ला हा तुमच्या मुलाचा दिवस होऊ द्या. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी या किल्ल्याचे काम सुरू केले. खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि तटावर चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत, जे महाराजांचे म्हणून जपले आहेत. सहा वर्षांच्या मुलाला इतिहास सांगण्याची गरज नाही. तो ठसा त्याला दाखवा, तो आपला पंजा त्याच्या शेजारी धरून पाहील आणि तेवढे त्याला पुरेल. धक्क्यावरून किल्ल्यावर जाण्यासाठी होड्या असतात, पण हलत्या होडीत चढणे-उतरणे आणि नंतरच्या पायऱ्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. सासूबाईंसाठी मालवणच्याच मेढा भागातले जय गणेश मंदिर आहे, जे ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांनी बांधले, देव रामेश्वराचे देऊळ आहे, आणि किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा आहे, जिथे किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली असे सांगतात. तिथून समोर किल्ला दिसतो. तुम्ही दोघी तिथे बसा, यजमान मुलांना घेऊन किल्ल्यावर जातील.

स्कूबा या खेपेला सोडून द्या. मुलाला ते त्याच्या वयात कुणी करू देऊ नये, सासूबाईंचा प्रश्न नाही, आणि मुलीने शर्यतीआधी दोन दिवस उन्हात होडीवर बसून, कानात पाणी आणि दडा भरून घेणे हे शहाणपणाचे नाही. वेंगुर्ले, रेडी, तेरेखोल यांचेही तसेच. नकाशावर ती जवळ दिसतात, पण किनाऱ्याच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर दिवस मोडतो आणि मुलीला गाडी लागण्याचा त्रास असेल तर तो दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. कोकण कुठे पळून जात नाही. यजमानांना वाईट वाटेल, कारण त्यांनी ती आखणी हौसेने केली असणार, आणि हौस करणारा माणूस घरात असणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांची हौस शनिवारकडे वळवा.

शनिवार हा तुमच्या सहलीचा कणा आहे आणि तो जवळजवळ रिकामा ठेवायचा आहे. सकाळी, ज्या वेळेला दुसऱ्या दिवशी शर्यत असेल साधारण त्याच वेळेला, वडिलांनी मुलीला चिवल्याच्या पाण्यात न्यावे. आयोजकांनी सरावाची वेळ दिली असेल तर तीच पाळा. नाहीतर स्थानिक माहीतगाराला विचारून, किनाऱ्याला समांतर, छातीएवढ्या पाण्यात. पोहणे हा उद्देश नाही. तिला समुद्राशी ओळख करून घ्यायची आहे. तलावात तळाशी काळी रेघ असते, ती धरून सरळ जाता येते. समुद्रात खाली नुसता हिरवट अंधार असतो. तलावात दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंत येते, पाय मारून पुढे झेपावता येते आणि तेवढ्यात श्वास सावरतो. समुद्रात भिंत नसते, त्यामुळे तलावात सहज कापलेले अंतर इथे लांब वाटते. हे तिला आधीच ठाऊक असेल तर ती घाबरणार नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असते, त्यामुळे अंग हलके होते, पाय आपोआप वर राहतात, आणि पहिल्यांदा समुद्रात उतरलेल्या मुलांना हा सुखद धक्का असतो. तो तिला शनिवारीच बसू द्या. मिठाची चव, डोळ्यांची चुरचुर आणि तोंडावर येणारी लाट हे सगळे शनिवारी होऊन जाऊ दे.

दिशा धरण्याचा सराव मात्र ठाण्याच्या तलावातच सुरू करायला हवा, आणि तो आजपासून. समुद्रात सहा-आठ हात मारल्यावर डोळे पाण्याबाहेर येतील एवढेच डोके उचलून समोरची खूण पाहायची असते, मग ती पाण्यावर तरंगणारी रंगीत बोया असो की किनाऱ्यावरचे माडाचे उंच झाड. प्रशिक्षकांना सांगून तिला दर सरावात काही फेऱ्या अशा घालायला लावा. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येत नसेल तर तेही शिकून घ्यावे, कारण लाट एका बाजूने येत असेल तर त्या बाजूला तोंड उघडता येत नाही. सुरुवातीला सगळी मुले एकदम पाण्यात शिरतात, लाथा लागतात, चष्मा सरकतो. तिने कडेला उभे राहून दहा सेकंद उशिरा सुरुवात केली तर तिचे काही बिघडणार नाही, आणि पहिल्या वेळी मी तरी तेच सुचवेन.

शनिवारी दुपारी तिने झोपावे, पुस्तक वाचावे, भावाबरोबर पत्ते खेळावे. रात्रीच्या जेवणात वरण-भात. मालवणात येऊन वरण-भात जेवायचा हे यजमानांना जड जाईल, म्हणून निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, की सुरमई, तिसऱ्या, कोंबडी-वडे आणि सोलकढी हे रविवारच्या दुपारचे जेवण आहे आणि ते सगळ्यांनी एकत्र, तिच्या समोर बसून जेवायचे आहे. घरगुती निवासात उतरलात तर मालकीणबाईंना शनिवारीच सांगा, म्हणजे त्या पहाटे उकड्या तांदळाची पेज करून देतील. शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी वाटीभर पेज आणि एक केळे, एवढे पुरेसे आहे. पोहण्याच्या दिवशी पोटात नवीन काही जाऊ नये आणि अंगावरही नवीन काही नको. चष्मा, टोपी, पोशाख, सगळे वापरातलेच. मानेला, काखेत आणि पोशाखाच्या पट्ट्यांखाली व्हॅसलिन चोपडा, खाऱ्या पाण्यात तिथे कातडी सोलवटते. एखादा जेलीफिश चावला तर ती जागा चोळायची नाही आणि गोड्या पाण्याने धुवायची नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन वैद्यकीय पथकाकडे न्यायचे.

आता रविवारच्या सकाळचे, आणि इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझी भाची अशाच एका समुद्रातल्या शर्यतीत उतरली होती. तिला पाऊण तास तरी लागेल असा आम्ही अंदाज केला होता, म्हणून मी आणि माझी बहीण मागच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. भाची अर्ध्या तासातच बाहेर आली. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा ती ओल्या वाळूत उभी होती, टोपी हातात घट्ट धरलेली, आणि गर्दीतले चेहरे एकेक करून पाहत होती. तिच्या खांद्यांवर एक हिरवा टॉवेल होता, त्याच्या कोपऱ्यावर दुसऱ्याच कुणा मुलाचे नाव लाल दोऱ्याने भरलेले होते. कुणातरी अनोळखी आईने तो तिला दिला होता. भाचीने आम्हाला पाहिले आणि ती हसली, रागावली नाही. पण तो टॉवेल मला अजून दिसतो.

तेव्हा, तुमची जागा ठरवा आणि ती सोडू नका. शनिवारी मुलीबरोबर किनाऱ्यावर उभे राहून, ती जिथून बाहेर येणार त्या जागेजवळ, पण स्पर्धकांच्या आणि स्वयंसेवकांच्या वाटेत येणार नाही अशी एक जागा निवडा. तिथे ठळक रंगाची मोठी छत्री उघडून सासूबाईंना खुर्चीवर बसवा. घडीची खुर्ची निवासातून मागून घ्या. पिवळी किंवा केशरी छत्री लांबून ओळखू येते आणि दहा वाजता कोकणातले डिसेंबरचे ऊनही चांगलेच तापते. मुलीला सांगा, की पाण्यातून उभी राहिलीस की छत्री शोध, छत्रीखाली आजी आहे आणि आजीजवळ टॉवेल आहे. टॉवेल सासूबाईंच्याच हातात द्या. नात पाण्यात असताना त्या देवाचे नाव घेतील, डोळे मिटतील, कदाचित रडतीलही. हात मोकळे असण्यापेक्षा टॉवेल धरून रडणे त्यांना सोपे जाईल.

यजमानांनी मुलीबरोबर सुरुवातीच्या जागेपर्यंत जावे, कारण तिने त्यांना बरोबर मागितले आहे, आणि तो मान त्यांचा आहे. दंडावर क्रमांक घालून घेणे, टोपी चढवणे, चष्म्याची पट्टी एकदा तपासणे, आणि मग बाजूला होणे. तिथे तुम्ही नसाल, याचे वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्याकडे त्या तासाभरासाठी एकच काम आहे आणि ते या सगळ्यांत सर्वांत जोखमीचे आहे. ते म्हणजे तुमचा मुलगा. अशा दिवशी किनाऱ्यावर शेकडो माणसे असतात आणि सगळ्यांच्या नजरा लांब पाण्यात असतात. पायाशी खेळणारे सहा वर्षांचे पोर अशा वेळीच लाटेकडे चालू लागते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ‘आम्ही सगळे बघतोच आहोत’ याचा अर्थ कुणीच बघत नाही असा होतो. म्हणून तोंडाने ठरवा, की शर्यत सुरू झाल्यापासून मुलगी छत्रीखाली येईपर्यंत मुलगा तुमच्या हाताला आहे. त्याच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. त्याला बादली, फावडे आणि ताईची रंगीत टोपी ओळखण्याचे काम द्या. तुम्हाला तिची शर्यत नीट पाहता येणार नाही, याची मला कल्पना आहे. पण पाण्यातल्या शर्यतीत लांबून तसेही फक्त टोप्या दिसतात, आणि बाहेर येणारी मुलगी तुम्हाला दिसेलच.

समुद्र खवळलेला असेल तर आयोजक अंतर कमी करतील, वेळ बदलतील किंवा स्पर्धा रद्द करतील. तसे झाले तर त्यांच्याशी वाद घालू नका आणि मुलीसमोर ‘एवढा खर्च करून आलो’ हे शब्द काढू नका. तिच्यासाठी शनिवारचे पाणी झालेले असेल, किल्ला झालेला असेल, आणि दुपारचे जेवण ठरल्याप्रमाणे व्हायलाच हवे.

जेवणानंतर तिला झोपू द्या. खोली संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडले तरी ते द्या. सोमवारची शाळेची सुट्टी आताच चिठ्ठी देऊन मागून ठेवा. परतीच्या कोकणकन्येत कुडाळला चढलात की तिला सर्वांत वरचा बर्थ द्या, जिथे कुणी तिच्या पायाशी बसणार नाही. केसांत थोडी वाळू असेल, ती असू द्या. बोलायचे असेल तर ती अंथरुणावरूनच खाली वाकून आजीशी बोलेल, नाहीतर कणकवली येण्याआधीच झोपी जाईल.